हुद्दा नसताना
मित्रांनो, हा आंबागड. भोसल्यांच्या काळी इथं कैदी डांबत. विहिरीचं सडकं पाणी पाजून मारत, असं सांगतात. आपल्या बापजाद्यांना तर गावातलं चांगलं पाणी शिवूच दिलं नाही.

तुमच्यातले काही नुकतेच कारकून, शिपाई झालेत. म्हणता, साहेब झालो की बघू! अरे, १९२७ साली महाडच्या परिषदेसाठी आर. बी. मोरे राबले तेव्हा वय चोवीस. हुद्दा कसला? पोरपणी महाडच्या शाळेनं दार लावलं, तर या पोरानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. २० मार्चला चवदार तळ्यात बाबासाहेब आधी स्वतः उतरले, मग लोक.

उद्या हपिसात वेगळा गिलास दिसला, तर माठाला पहिला हात कोण लावणार? शिपायानं लावला तरी चालेल.