उसन्या चिन्हावरचे उमेदवार

(गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



शासनाने कमीत कमी कारभार करावा असे म्हणणारा माणूस हा भांडवलदारांचा वकील असला पाहिजे, असे समाजवादी चळवळीत दीर्घकाळ गृहीत धरले गेले. महाराष्ट्रात या गृहीताला एक मोठा अपवाद घडला. येथे हा विचार कारखानदारांच्या बैठकांतून नव्हे, तर कांदा, ऊस, तंबाखू आणि कापूस पिकविणाऱ्यांच्या मेळाव्यांतून पुढे आला. त्यासाठी शेतकऱ्यांनी रस्ते अडविले, तुरुंगवास पत्करला, गोळ्याही खाल्ल्या. पुढे या विचाराचे उमेदवार विधानसभेला उभे राहिले, तेही समाजवादी वारसा सांगणाऱ्या एका पक्षाच्या चिन्हावर. हा प्रयोग कसा झाला आणि कशामुळे विरला, याची चिकित्सा त्या विचाराच्या समर्थकांइतकीच विरोधकांनाही उपयोगी आहे. गावात उभी केलेली शक्ती पक्षाच्या उमेदवार यादीत कशी हरवते, हा प्रश्न कोणत्याही एका विचारसरणीचा नाही.

शासन म्हणजे काय, हे गडमुडशिंगीसारख्या गावात ग्रंथातून शिकावे लागत नाही. करवीर तालुक्यातील शेतकऱ्याचे मुख्य पीक ऊस. हा ऊस कोणत्या कारखान्याला जाणार, दोन कारखान्यांमध्ये किमान किती अंतर असावे, उसाला निदान किती भाव द्यावा, साखर परदेशी पाठवावी की नाही, उसाच्या रसापासून इथेनॉल करू द्यावे की नाही, हे सारे निर्णय मुंबईत आणि दिल्लीत होतात. एकेकाळी प्रत्येक कारखान्याला कार्यक्षेत्र नेमून दिलेले होते आणि त्याबाहेर ऊस घालण्यास बंदी होती. ही झोनबंदी नव्वदच्या दशकात उठली. साखरेचा ठराविक हिस्सा लेव्ही म्हणून स्वस्तात घेण्याची पद्धत २०१३ साली संपली. कारखान्यांमधील अंतराचे बंधन मात्र राहिले. केंद्राच्या आदेशात ते १५ किलोमीटर होते, महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. २०१२ साली रंगराजन समितीने हे बंधन काढून टाकावे अशी शिफारस केली होती. शिवाय विमानतळाच्या विस्तारासाठी याच गावच्या जमिनी संपादनात आल्या. तेव्हा शासनाची सत्ता कोठपर्यंत पोहोचते याचा अनुभव सातबाऱ्यावरच आला. अशा ठिकाणी ‘शासन मर्यादित असावे’ हे वाक्य पुस्तकी वाटत नाही. त्याचा साधा अर्थ असा की, माझा माल मला विकू द्या आणि माझी जमीन घ्यायची तर मला विचारून घ्या.

हा विचार महाराष्ट्रात प्रथम आला तो मात्र शेतातून नव्हे. १९५९ साली काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजगोपालाचारी यांच्या पुढाकाराने स्वतंत्र पक्ष स्थापन झाला. मिनू मसानी त्याचे प्रमुख संघटक होते. १९६७ साली लोकसभेत या पक्षाचे ४४ सदस्य होते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ते बळ मुख्यतः गुजरात, राजस्थान, ओरिसा आणि मद्रास येथून आले. महाराष्ट्रात पक्षाला मूळ धरता आले नाही. याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. त्या काळात येथील शेतकऱ्याला सहकार ही आपल्या उन्नतीची शिडी वाटत होती. सोसायटी, साखर कारखाना, जिल्हा बँक यांतून त्याच्या घरात पैसा आणि प्रतिष्ठा येत होती. ती शिडीच काढून घ्या असे सांगणारे संस्थानिक आणि उद्योगपती यांच्या मागे तो कशाला जाईल? १९७४ साली स्वतंत्र पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.

नेमकी येथेच शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने वेगळी वाट धरली. १९७७ साली स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून ते परतले व पुण्याजवळ आंबेठाण येथे शेती करू लागले. त्यांनी प्रारंभ तत्त्वज्ञानापासून केला नाही. कांद्याच्या हिशेबापासून केला. उत्पादनखर्च किती, मिळालेला भाव किती, आणि भाव चढू लागताच निर्यातबंदी कोण घालते, हा हिशेब शेतकऱ्याला मांडता येऊ लागला की शासनाचे स्वरूप त्याला आपोआप उमगते, अशी ही पद्धत होती. १९८० साली चाकणला कांद्याचे, त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात उसाचे आणि १९८१ साली निपाणीला तंबाखूचे आंदोलन झाले. निपाणी कोल्हापूरला जवळची. तेथे पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकऱ्यांनी दिलेला ठिय्या आणि नंतर झालेला गोळीबार या भागातील जुन्या माणसांच्या स्मरणात अजून आहे.

या संघटनेचे काम दोन गोष्टींवर उभे होते. एक म्हणजे प्रशिक्षण शिबिरे. दोन-तीन दिवस एकत्र बसून कार्यकर्ते शेतीचे अर्थशास्त्र शिकत आणि गावी जाऊन ते बोलीभाषेत सांगत. दुसरी म्हणजे स्त्रिया. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत कित्येक गावांतील पुरुषांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला. कायद्याची सक्ती नाही, अनुदान नाही, आणि तरीही मालमत्तेचे वाटप झाले. स्त्रीमुक्तीचा विचार करणाऱ्या समाजवाद्यांनीही या कामाची नोंद आदराने घ्यावी, असे हे काम होते.

मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असे जोशी प्रारंभी सांगत. ही भूमिका टिकली नाही, आणि टिकणे शक्यही नव्हते. भाव, निर्यात आणि कर्ज यांचे निर्णय विधिमंडळात व संसदेत होत असतील तर तेथे माणसे पाठवावीच लागतात. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत संघटनेचे उमेदवार जनता दलाच्या चक्र चिन्हावर उभे राहिले. जनता दलाला २८८ पैकी २४ जागा मिळाल्या. त्यांत मोरेश्वर टेमुर्डे, वामनराव चटप, सरोज काशीकर ही संघटनेची माणसे होती. टेमुर्डे पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने जोशींना कृषिविषयक सल्लागार समितीचे अध्यक्षपद दिले. बाहेरून पाहता हे यशच होते.

आतून काय घडले? जनता दल हा अनेक प्रवाहांचा पक्ष होता. त्यात जुने समाजवादी होते, राष्ट्र सेवा दलात वाढलेले कार्यकर्ते होते. त्यांना स्वस्त धान्य, सार्वजनिक उद्योग आणि नियोजन हवे होते. संघटनेच्या उमेदवारांना यांतील बहुतेक गोष्टी मोडायच्या होत्या. हे दोघे एका व्यासपीठावर बसले ते काँग्रेसविरोध या एकाच समान सूत्रावर. मूळ मतभेदाची चर्चा ना पक्षाच्या अधिवेशनात झाली, ना मतदारासमोर. परिणाम कर्जाच्या प्रश्नात दिसला. शासनाच्या धोरणाने शेतमालाचे भाव पाडले, म्हणून कर्ज थकले; तेव्हा कर्जमुक्ती ही दया नव्हे, लुटलेल्या पैशाची परतफेड आहे, असा संघटनेचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ झाली ती सरकारी कृपा म्हणूनच. भाव पाडणारी धोरणे होती तेथेच राहिली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणाऱ्या चळवळीच्या पदरात प्रथम जे पडले त्याचे नाव माफी असे होते.

पक्षाच्या आत राहून आपला विचार वाढविण्याचा प्रयत्न यापूर्वीही झाला होता. १९३४ साली स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष चौदा वर्षे काँग्रेसमध्येच होता. परंतु त्याला स्वतःचा कार्यक्रम होता, स्वतःची सदस्यनोंदणी होती, स्वतःची अधिवेशने होती. १९४८ साली काँग्रेसने अंतर्गत पक्षांना मनाई केली, तेव्हा समाजवादी बाहेर पडले ते आपले घर घेऊन. शेतकरी कामगार पक्षाचा जन्मही काँग्रेसच्या पोटातच झाला. केशवराव जेधे १९५४ साली परत गेले, तरी कोल्हापूर, सांगली, रायगड या भागांत पक्ष उरला, कारण गावोगाव त्याची माणसे होती. संघटनेच्या उमेदवारांपाशी जनता दलात असे घर नव्हते. उमेदवारी वरच्या वाटाघाटीत ठरली. ज्या कार्यकर्त्यांनी दहा वर्षे गावात हिशेब समजावून सांगितला, त्यांना उमेदवार कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार ना जनता दलाने दिला, ना खुद्द संघटनेने. बिल्ला लावला की सदस्य, अशी मोकळी रचना आंदोलनाला सोयीची असते. उमेदवार निवडायची वेळ आली की मतदार यादीच नसते, आणि मग निर्णय नेत्याकडे जातो. केंद्रित सत्तेला विरोध करणाऱ्या चळवळीतच निर्णय एका व्यक्तीच्या हाती केंद्रित झाले, ही तिची सर्वांत मोठी विसंगती होय.

मग स्वतःचा पक्ष आधीच का काढला नाही? १९९४ साली तो काढला गेला. स्वतंत्र भारत पक्ष हे त्याचे नाव. परंतु येथे एक गोष्ट समाजवाद्यांनी प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. १९८८ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९ अ हे कलम आले. त्यानुसार नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवरील निष्ठा आपल्या घटनेत नोंदविली पाहिजे. याचा अर्थ असा की, समाजवाद नको असे म्हणणाऱ्यानेही प्रथम समाजवादाची शपथ घ्यावी. महाराष्ट्रातील स्वतंत्र पक्षाच्या उरलेल्या कार्यकर्त्यांनी १९९६ साली या अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. अट आजही कायम आहे. तिच्यामुळे समाजवादाचे काडीइतकेही हित झालेले नाही. खासगीकरणाचे सर्व निर्णय घेणाऱ्या पक्षांनीही ही शपथ घेतलेलीच आहे. सक्तीच्या शपथेने विरोधक खोटे बोलावयास शिकतो आणि समर्थक आळशी होतो. आचार्य नरेंद्र देव आणि जयप्रकाशजी यांचा समाजवाद लोकांना पटवून वाढला होता, कलमाच्या आधाराने नव्हे.

तथापि शपथेने अडविले एवढ्यावर पराभवाचे स्पष्टीकरण होत नाही. १९९५ च्या विधानसभेत स्वतंत्र भारत पक्षाला एकही जागा मिळाली नाही. २००४ साली राजुऱ्यातून वामनराव चटप तेवढे निवडून आले. त्याच सुमारास जोशींनी भारतीय जनता पक्षाच्या आघाडीशी जवळीक केली आणि राजू शेट्टी यांनी वेगळे होऊन स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी केली. शेट्टी २००४ साली शिरोळचे आमदार झाले, २००९ व २०१४ साली हातकणंगल्याचे खासदार. त्यांच्या मागणीचा रोख शासन कमी करण्यावर नव्हता. कारखान्याने पहिली उचल किती द्यावी, आणि ती शासनाने मिळवून द्यावी, असा होता. कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाने त्यांना मते दिली, यात त्याची फसगत झाली नव्हती. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे, न दिल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे, असा नियम आहे. कारखाना तो पाळत नसेल तर एकटा शेतकरी काय करणार? त्याला कमी शासन नको असते, आपल्या बाजूने उभे राहणारे शासन हवे असते. याच शिवारात बीडकडून आलेली तोडणीची टोळी खोपट्यांत राहते. तिच्या मजुरीला, मुलांच्या शाळेला, बायकांच्या औषधपाण्याला शासन आधीच इतके मर्यादित आहे की ते दिसतच नाही. मर्यादित शासनाच्या उमेदवारांनी जमीन असलेल्याचा हिशेब चोख मांडला. कोयता हाती असलेल्याचा मांडला नाही. त्यांची गावातील संघटना अर्धीच राहिली ती यामुळे.

पण विरोधकांचाही हिशेब अपुराच आहे. समाज आणि सरकार या दोन शब्दांतील अंतर समाजवादी विसरले. सहकारी कारखाना सभासदांचा म्हणून उभा राहिला आणि संचालक मंडळ, मंत्रालय व पक्ष यांच्या साखळीत तो दुसरे सरकारच झाला. सभासदाला वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याची चोरी झाली. २०२० साली केंद्राने तीन कृषी कायदे संसदेत घाईने संमत करून घेतले आणि २०२१ साली ते मागे घेतले. बाजार मोकळा करण्याच्या कल्पनेला शेतकरी संघटनेचा पाठिंबा होता, उत्तरेतील शेतकरी वर्षभर विरोधात बसले होते. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याला कायदा करण्यापूर्वी कोणी विचारले नाही, ही गोष्ट मात्र दोघांना समान होती.

तेव्हा ज्यांना शासन मर्यादित व्हावे असे मनापासून वाटते, त्यांनी कोणत्याही पक्षात राहून काम करावे; तो त्यांचा हक्क आहे. मात्र तीन गोष्टी आधी कराव्यात. गावपातळीवर सदस्यांची उघड नोंद ठेवावी. उमेदवार त्या सदस्यांच्या मतदानाने ठरावा. आणि शासनाचा कोणता अधिकार काढायचा व तो कोणाच्या हाती द्यायचा, हे जाहीरनाम्यात स्पष्ट लिहावे. मुंबईतून काढलेला अधिकार कारखान्याच्या अध्यक्षाकडे जाणार असेल तर त्याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. तो ग्रामसभेकडे येणार असेल तर समाजवाद्याने त्याला विरोध करण्याचे कारण नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, तिला अधिकार देणे राज्यावर सोपविले. जमीन संपादनापूर्वी, पाणी वाटपापूर्वी ग्रामसभेची संमती बंधनकारक करा, ही मागणी दोन्ही विचारांचे कार्यकर्ते एका सतरंजीवर बसून करू शकतात. त्यासाठी कोणालाही आपला विचार लपवावा लागणार नाही, आणि कोणाचे चिन्ह उसने घ्यावे लागणार नाही.