पात्र की अपात्र?
(प्रार्थना मेळाव्यातील भाषण)



लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात. पहिली कफर्णहूमच्या शताधिपतीची. त्याचा दास आजारी असतो, म्हणून गावचे वडीलधारे प्रभूकडे जाऊन त्याची शिफारस करतात. हा माणूस पात्र आहे, याने आपल्याला सभास्थान बांधून दिले, असे ते सांगतात. दुसरी गोष्ट नाईन गावच्या विधवेची. तिचा एकुलता एक मुलगा गेला आहे आणि लोक तिरडी घेऊन वेशीबाहेर पडत आहेत. तिची शिफारस करायला कोणीही नाही. ती स्वतःही काही मागत नाही.

तरी प्रभू थांबतो.

पात्र आणि अपात्र हे शब्द आपल्या यवतमाळ जिल्ह्याला नवे नाहीत. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवन संपवले. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून त्या घटनेचा उल्लेख होतो. दरवर्षी १९ मार्चला अनेक जण त्यांच्या स्मरणार्थ उपास करतात. त्यानंतर या मातीत किती घरांचे कर्ते गेले, हे तुम्ही जाणता. प्रत्येक घरी पंचनामा होतो आणि प्रकरण समितीपुढे जाते. शेती कोणाच्या नावावर होती? कर्ज बँकेचे होते की परवानाधारक सावकाराचे? वसुलीचा तगादा होता का? निकष बसले तर एक लाख रुपयांची मदत मिळते. नाही बसले तर कागदावर एकच शब्द येतो, अपात्र.

सरकारला निकष लावावे लागतात, हे मी समजू शकतो. पण मंडळीनेही निकष लावावेत का?

मी स्वतः ते लावले आहेत. काही वर्षांपूर्वी झरी-जामणीकडच्या एका कोलाम पोडावर अशाच एका घरी गेलो होतो. घरधनी जाऊन आठ दिवस झाले होते. मी बसलो, प्रार्थना केली आणि म्हणालो, "बाई, देवाची इच्छा होती." तिने पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळून बसली. परतताना आमच्यातल्याच एकाने विचारले, "अशा मरणाला क्षमा आहे का हो?" मी उत्तर देत बसलो. त्या बाईच्या घरात दाणे किती आहेत, हे मात्र आम्हां दोघांपैकी कोणीच विचारले नव्हते.

नाईनच्या वेशीवर प्रभूने मुलगा कशाने गेला हे विचारले नाही. त्या बाईच्या विश्वासाची परीक्षाही घेतली नाही. तिला पाहून त्याला जे वाटले, त्यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा संबंध पोटातल्या आतड्यांशी आहे. आपल्या आया म्हणतात ना, लेकरासाठी आतडे तुटते, तेच. मग तो पुढे झाला आणि तिरडीला हात लावला. नियमशास्त्राप्रमाणे प्रेताच्या स्पर्शाने विटाळ होत असे. ज्या दुःखापासून लोक अंतर राखतात, त्याला देवाच्या पुत्राने हात लावला. लाजराच्या कबरेपाशी तर तो रडला, आणि थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला.

गेलेल्याचा न्याय आपल्याकडे सोपवलेला नाही. मागे राहिलेल्यांचे अश्रू मात्र आपल्याकडे सोपवलेले आहेत.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच पतीही गेले. १८९७च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले. भूक आणि मरण त्यांनी घरात पाहिले होते, म्हणून दुसऱ्याच्या घरातले त्यांना ओळखता आले. देवाकडून मिळालेले सांत्वन आपल्यापाशी थांबत नाही, ते पुढे द्यायचे असते, हे पौलाने करिंथकरांना लिहिले तेही याच अर्थाने.

तर आपण काय करावे? तेरवी झाली की पाहुणे निघून जातात. आपण त्यानंतर जावे. मृग लागला की बियाण्याची चिंता असते, तेव्हा जावे. पोळ्याला, जेव्हा त्या घरी बैल सजवायला धनी नसतो, तेव्हा जावे. तहसील कचेरीत तिच्यासोबत रांगेत उभे राहावे. मुलांच्या शाळेची चौकशी करावी. बोलायला काही सुचले नाही तर गप्प बसावे, पण बसावे. आणि या मदतीच्या बदल्यात तिने आपल्या उपासनेला यावे, अशी अट मनातसुद्धा ठेवू नये. नाईनच्या विधवेला प्रभूने कोणतीही अट घातली नव्हती.

त्या पोडावर मी पुन्हा गेलो. या वेळी वचन सांगितले नाही. बाई कापूस निवडत होती. मीही शेजारी बसून निवडू लागलो. बऱ्याच वेळाने तिने चहा ठेवला आणि नवऱ्याविषयी बोलू लागली. संध्याकाळपर्यंत ती बोलत होती. मी फक्त ऐकले.

आपण स्वतः तरी कुठे पात्र होतो? तरी प्रभू आपल्या वेशीपाशी थांबला. तो आपल्यालाही थांबायला शिकवो. आमेन.