धोतऱ्याची भूल



कामगार संघटनेचा माणूस मेंदूवर काय बोलणार, असे कुणास वाटले तर नवल नाही. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु जळगावच्या केळीच्या गाड्या भरणारा हमाल काय किंवा धुळ्याच्या यंत्रमागावरचा कारागीर काय, भलतेच बरळू लागला की भोवतालचे लोक एवढेच म्हणतात : ‘पिऊन आलाय, पडू द्या.’ मुकादम हजेरी कापून मोकळा होतो. या ‘पडू द्या’पायी माणूस दगावू शकतो, म्हणून हा विषय.

नशा ही एकच वस्तू नव्हे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात आणि प्रत्येक निरोपाचे कुलूप निराळे असते. १९४३ साली बाझलच्या आल्बर्ट हॉफमन यांनी एल.एस.डी.चा गुण स्वतःवर अनुभवला. ते द्रव्य सेरोटोनिनच्या कुलपात शिरते. गांजाचे कुलूप वेगळे. त्यात बसणारे मेंदूचे स्वतःचे द्रव्य १९९२ मध्ये सापडले, तेव्हा आपल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव आनंदामाइड ठेवले गेले.

आता आपला बांधावरचा धोतरा, महादेवाला वाहतो तोच. तो कुलूप उघडीत नाही, नुसता अडवून बसतो. त्यातील अॅट्रोपिन व हायोसीन ही द्रव्ये अॅसेटिलकोलीनचा निरोप पोचू देत नाहीत. हाच निरोप तोंडाला लाळ आणतो, कातडीला घाम आणतो, डोळ्याची बाहुली लहान करतो, हृदयाचा वेग आवरतो आणि मेंदूत अवधान व स्मृती सांभाळतो. तो अडला की तोंडाला कोरड पडते, अंग तापते पण घाम नाही, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावते, लघवी तुंबते. रोगी हवेतले नसलेले दोरे वेचतो, नसलेल्या माणसाशी बोलतो. एल.एस.डी. घेतलेल्यास बहुधा उमगते की हे द्रव्याचे खेळ आहेत. येथे तेवढेही भान उरत नाही. जुन्या वाटमाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. शुद्धीवर आलेल्या वाटसरूस लुटणाऱ्याचे तोंडही आठवत नसे! भांगेत धोतरा मिसळण्याची चाल तर १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगानेही नोंदवली आहे.

तेव्हा शिवरात्रीला किंवा धुळवडीला कुणात ही लक्षणे दिसली, तर ताक-लिंबू पाजण्यात वेळ दवडू नका, झोपवूनही ठेवू नका. सरकारी रुग्णालय गाठा. तेथे ताप उतरवतात, हृदयावर नजर ठेवतात; गरज पडल्यास फायसोस्टिग्मिन हा उतारा देतात. उरलेली भांग किंवा बी कागदात बांधून बरोबर न्या. धोतऱ्याचे बी थेट मिरचीच्या बीसारखे दिसते, आणि घरच्यांनी ‘मिरचीचेच असेल’ म्हणून ते झाडून टाकलेले असते.