कारी आणि उत्रौली

डॅन्यूब नदीच्या काठी, आजच्या बल्गेरियात, निकोपोलिस नावाचं ठाणं होतं. २५ सप्टेंबर १३९६ रोजी तिथे धर्मयुद्धाला निघालेले युरोपातले सरदार आणि तुर्कांचा सुलतान बायझीद यांची गाठ पडली. सुलतान जिंकला, तुर्कांचा तिथला अंमल पक्का झाला. ही ख्रिस्ती आणि मुसलमानांची लढाई, असं आपण वाचतो. पण ऐन वेळी सुलतानाच्या मदतीला धावला तो सर्बियाचा ख्रिस्ती राजपुत्र, स्टेफान लाझारेविच! त्याचे वडील सातच वर्षांपूर्वी तुर्कांशी लढताना गेले होते. मांडलिक म्हणून दिलेला शब्द तो पाळत होता.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. १६५९ साली अफजलखान निघाला, तेव्हा आदिलशहाची फर्मानं मावळातल्या देशमुखांकडे आली. खानाला सामील व्हा, नाही तर वतन गेलं! कारीचे कान्होजी जेधे पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. शहाजीराजांना दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोन्ही गावं भोर तालुक्यातली. धर्म एक, मुलूख एक. वाटा मात्र दोन.

१० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. खानाच्या फौजेत मंबाजी भोसले होते, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. पुढे खोपड्यांसाठी गुंजण मावळच्या हैबतराव शिळीमकरांनी आणि खुद्द कान्होजींनी रदबदली केली. जीव वाचला, पण एक हात आणि एक पाय गेला.

धर्माचा अभिमान तेव्हा नव्हता, असं मी म्हणत नाही. होताच. पण कोण कुठे उभा राहिला, हे नुसत्या धर्मावरून सांगता येत नाही.

मी मराठीत कविता लिहितो. माझं नाव ऐकून कविसंमेलनात एखादा हसत हसत विचारतो, ‘‘तुम्ही तेव्हा कुणाकडून लढला असता हो?’’ मी म्हणतो, ‘‘भाऊ, नावावरून ओळखायचं तर खंडोजीचं काय करायचं, आणि इब्राहीमचं काय? खरा प्रश्न तुम्हाला आणि मला एकच आहे. दारात फर्मान आलं असतं, तर दिलेल्या शब्दासाठी आपण वतन सोडलं असतं का?’’