जरीपटक्याहून परदेशी : स्थलांतराचे शिक्षण कशासाठी?

(जरीपटका, नागपूर येथे समाजकार्याचे विद्यार्थी व कार्यकर्ते यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशातील अनेक विद्यापीठे ‘स्थलांतर’ या विषयाचे अभ्यासक्रम चालवितात. काही अभ्यासक्रम दोन-चार आठवड्यांचे असतात, काही वर्ष-दोन वर्षांचे. २०१५ साली सिरिया, इराक, अफगाणिस्तान या देशांतून लाखो माणसे युरोपच्या किनाऱ्याला लागली. तेव्हापासून तिकडे या विषयाला विशेष महत्त्व आले. निर्वासितांची केंद्रे, आश्रयासाठी अर्ज करण्याची पद्धत, नवागतांचे भाषावर्ग हे सारे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविले जाते. नागपूरच्या समाजकार्य महाविद्यालयांतील मुलामुलींनाही या शिक्षणाची ओढ वाटली, तर त्यात गैर काही नाही. परंतु तेथे जाणार कोण, शिकणार काय आणि परत येऊन करणार काय, हे प्रश्न विचारल्यावाचून या ओढीची किंमत ठरत नाही.

परदेशी जाऊन शिकणे हे समाजकार्याला नवे नाही. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागातील कष्टकऱ्यांच्या वस्तीत टॉयन्बी हॉल उभा राहिला. अमेरिकेच्या जेन ॲडम्स तो पाहून मायदेशी परतल्या आणि १८८९ साली त्यांनी एलेन गेट्स स्टार यांच्यासह शिकागोत हल हाऊस सुरू केले. भोवती वस्ती होती ती इटालियन, जर्मन, रशियातून आलेले ज्यू अशा पोटासाठी देश सोडलेल्या लोकांची. १८९५ साली हल हाऊसमधील कार्यकर्त्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. कोणत्या घरात कोणत्या देशाचे लोक राहतात आणि त्या घरात आठवड्याला किती मजुरी येते, हे घरोघर फिरून जमविलेल्या माहितीच्या आधारे त्यात नकाशावर दाखविले होते. तोवर दानधर्म करणारी मंडळी गरिबाच्या सवयींची चौकशी करीत. या नकाशांनी मजुरीची चौकशी केली. भारतात समाजकार्याचे पहिले विद्यालय टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९३६ साली मुंबईत निघाले, त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हेही अमेरिकन. विद्या अशी देशोदेशी फिरतच वाढते. जेन ॲडम्स यांचे मोठेपण यात आहे की लंडनला पाहिलेले त्यांनी शिकागोच्या मजुरांच्या दाराशी आणून तपासले.

याच कसोटीवर नागपूरचा विचार केला पाहिजे. स्थलांतराचा पाठ वाचण्यासाठी जरीपटक्याइतके उघडे पुस्तक दुसरे क्वचितच सापडेल. फाळणीनंतर सिंधमधून दहा-बारा लाख हिंदू भारतात आले. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि या ओघाला वेग आला. कोणी जहाजाने मुंबईला उतरले, कोणी रेल्वेने राजस्थानमार्गे आले. कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर झाले. त्या काळी मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात जरीपटका आणि खामला येथे निर्वासितांच्या वसाहती वसल्या. मराठ्यांच्या ध्वजाचे नाव मिरविणाऱ्या या भागात सिंधी बोली नांदू लागली. ज्या भाषेला भारतात स्वतःचा प्रांत उरला नव्हता, ती १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

सिंधी बांधवांच्या उद्यमशीलतेची स्तुती पुष्कळ होते आणि ती यथार्थ आहे. पण त्या उद्यमाच्या मागे शासन उभे होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सप्टेंबर १९४७ मध्येच केंद्रात मदत व पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते निघाले. १९५१ च्या जनगणनेत निर्वासितांची वेगळी नोंद झाली आणि ती संख्या सुमारे ७३ लाख भरली. १९५४ साली भरपाई व पुनर्वसनाचा कायदा झाला. धान्याची टंचाई असलेल्या आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने हे केले. उपटून फेकल्या गेलेल्या माणसाला पुन्हा रुजविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्या काळी मान्य झाले होते.

या तत्त्वाच्या मर्यादाही तितक्याच बोलक्या आहेत. भरपाई मागे सोडलेल्या मालमत्तेच्या दाव्यावर अवलंबून होती. सिंधमध्ये ज्याची जमीन नव्हती, घर नव्हते, तो दावा कशाचा करणार? आणि काहींना तर येऊही दिले जात नव्हते. सफाईची कामे करणाऱ्या अस्पृश्यांना ‘अत्यावश्यक सेवक’ ठरवून पाकिस्तान सरकार अडवून ठेवते, अशी तक्रार डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून केली होती. देश सोडतानाही जात सुटत नाही, ही गोष्ट युरोपातल्या वर्गात कोणी शिकवील, अशी अपेक्षा करता येत नाही. ती येथूनच घेऊन जावी लागेल.

सिंधहून येणे १९४८ साली संपले असेही नाही. त्यानंतरच्या दशकांतही तेथून कुटुंबे येत राहिली, दीर्घ मुदतीच्या व्हिशावर जरीपटका-खामल्यात राहू लागली. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातील काही जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले, त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारी होते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. या कायद्याने आश्रिताचे दुःख विचारण्याआधी त्याचा धर्म विचारला, हा त्यातील मूळ दोष आहे. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी देशात सर्वसाधारण कायदाही नाही. म्हणून कोणाला आश्रय मिळणार, हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहते.

आता जरीपटक्याला लागून असलेल्या इंदोऱ्याकडे पाहावे. येथील कष्टकरी दलित कुटुंबांच्या मागच्या पिढ्यांनीही गाव सोडलेच होते. कोणी १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांसाठी, कोणी गावकीच्या जाचातून सुटण्यासाठी. त्यांच्यासाठी खाते निघाले नाही, कायदा झाला नाही. शेजारच्या दोन वस्त्या, दोन्ही विस्थापितांच्या. एकीच्या विस्थापनाला शासनाने नाव दिले, दुसरीचे विस्थापन म्हणजे केवळ ‘कामधंद्यासाठी आलेले लोक’. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने हा भेद नीट समजून घेतला, तर स्थलांतराचे अर्धे शास्त्र त्याच्या हाती आले असे समजावे.

विदर्भात हा पाठ जागोजाग वाचता येतो. गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व बंगालचे निर्वासित आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. नागपूरच्या बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर छत्तीसगडी मजूर राबतात, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. म्हणजे एकच प्रदेश मजूर घेतोही आणि धाडतोही.

या अनाम स्थलांतराचे खरे रूप २०२० साली उघडे पडले. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरच्या वेशीवरून चारी दिशांनी माणसे पायी जाऊ लागली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेला सांगितले की एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले; वाटेत मेले किती, याची मात्र आकडेवारी नाही. १९५१ साली ७३ लाख निर्वासित मोजणाऱ्या देशाला २०२० साली रस्त्यावर मेलेले मजूर मोजता आले नाहीत. यंत्रे त्या काळापेक्षा आता कितीतरी पटींनी वाढली आहेत. कमतरता कशाची होती, हे वेगळे सांगायला नको.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. परदेशी जाणार कोण? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी ७५ जागा देते. पण ती पदवीच्या पूर्ण शिक्षणासाठी आणि जागतिक क्रमवारीतील निवडक विद्यापीठांसाठी आहे. महिन्या-दीड महिन्याच्या अभ्यासक्रमाचा खर्च ज्याचा त्याने करायचा. परिणामी वीटभट्टीवरच्या मजुराची मुलगी स्थलांतर भोगणार आणि ज्याच्या बापाला परवडते तो त्याचा अभ्यास करणार, अशी विभागणी होते.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये एक कलम आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे ते कलम होते. ही शिष्यवृत्ती आहे दलितांसाठी, भटक्या-विमुक्तांसाठी, भूमिहीन मजुरांसाठी! म्हणजे ज्याने समाजाचे चटके सोसले, त्याने सरकारी पैशाने परदेशी जाऊन त्या समाजाविषयी बोलायचे नाही. असे विषय भारतातच शिकता येतात, हा त्यावरचा सरकारी युक्तिवाद. तो खरा मानला तर डॉ. आंबेडकरांचे काय करायचे? बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि मे १९१६ मध्ये तेथे त्यांनी निबंध वाचला तो भारतातील जातींच्या उगमावर. डॉ. लोहियांनी बर्लिनमध्ये प्रबंध लिहिला तो मिठाचा कर आणि सत्याग्रह यांवर. एका संस्थानिकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे स्वातंत्र्य दिले, ते लोकशाही सरकारने काढून घ्यावे, यासारखी शोकांतिका नाही. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न मूठभर विद्यार्थ्यांचा समजू नये. आपल्या दुःखाविषयी जगापुढे कोणी बोलायचे, याचा हा प्रश्न आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. विषयांवरील बंधन समूळ नाहीसे झाले पाहिजे आणि अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांसाठीही गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली पाहिजे. महाविद्यालयांनी परदेशी संस्थांशी करार करताना तो दुतर्फी करावा. तिकडच्या विद्यार्थ्यांनी येथील वस्ती पाहून जायचे आणि येथल्यांनी तिकडची इमारत पाहून यायची, याला देवाणघेवाण म्हणत नाहीत. येथील विद्यार्थ्यालाही तिकडच्या समाजाला प्रश्न विचारण्याचा अधिकार हवा. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुसंख्य परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणण्यास मनाई केली, कॅनडाने त्याच महिन्यात विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. स्थलांतर शिकायला निघालेला विद्यार्थी व्हिशाच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा तो स्वतःच या विषयाचा पहिला धडा गिरवीत असतो.

जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने येथला गृहपाठ पुरा करावा. समाजकार्याच्या शिक्षणात आठवड्यातील दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी असतात. त्यांतून जरीपटका-इंदोरा परिसराचा घरोघर फिरून नकाशा का तयार होऊ नये? कोणत्या घरातले लोक कोठून आले, मजुरी किती, शिधापत्रिका कोठली, जागेचा कागद आहे की नाही, एवढे त्यात आले तरी पुरे. आंतरराज्य मजुरांसाठीच्या १९७९ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. जुन्या कायद्यात कंत्राटदाराने आणलेलाच मजूर मोजला जाई. नव्या व्याख्येत स्वतःहून आलेलाही बसतो. परंतु व्याख्या रुंदावल्याने माणूस आपोआप नोंदवहीत चढत नाही. त्याला तेथपर्यंत नेणारा कार्यकर्ता लागतो, आणि ते काम विद्यार्थ्यांबरोबर पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही अंगावर घ्यावे.

परतल्यावर विद्यार्थ्याने आपला अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात ठेवू नये. मराठी, हिंदी, सिंधी, छत्तीसगडी, जी भाषा त्या वस्तीत चालते तीत तो तेथे वाचून दाखवावा आणि लोकांचे आक्षेप ऐकून घ्यावेत. जे ज्ञान त्या चौकात टिकेल, तेच परदेशातून आणण्याजोगे होते असे म्हणता येईल.