सेतू सावरणारे हात



रामेश्वरचे नाव उच्चारताच भारतीय मनापुढे सेतू उभा राहतो. सेतुबंधाची कथा सांगताना या समाजाने नलासारख्या कुशल स्थापत्यकाराचे स्मरण ठेवले, आणि इवल्याशा खारीलाही तो विसरला नाही. त्याच भूमीवर १९६४ साली घडलेला एक प्रसंग त्या कथेचा अर्थ नव्याने उलगडून दाखवतो.

२२ डिसेंबरच्या रात्री प्रचंड चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. धनुष्कोडी गाव समुद्राने गिळले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी स्थानकात पोहोचण्यापूर्वीच लाटांखाली गेली आणि शंभराहून अधिक जीव गमावले गेले. रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा, १९१४ साली खुला झालेला, दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा पांबन रेल्वेपूल उद्ध्वस्त झाला. सव्वाशेच्या सुमारास पोलादी तुळया समुद्रात गेल्या. रस्त्याचा पूल १९८८ साली झाला. त्यामुळे त्या वेळी बेटाला दुसरा सेतूच उरला नव्हता.

दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि काम सोपवले ई. श्रीधरन या ३२ वर्षांच्या अभियंत्यावर. नव्या तुळया घडवायच्या तर कालहरण अटळ होते. अशा वेळी स्थानिक कोळ्यांकडून वार्ता आली की, वाहून गेलेल्या तुळया समुद्राच्या तळाशी पडल्या आहेत. त्या वर काढून पुन्हा खांबांवर चढवण्यात आल्या. अवघ्या ४६ दिवसांत पूल उभा राहिला! अभियंत्याची विद्या आणि कोळ्याचा खारीचा वाटा यांचा असा संगम झाला, की अशक्य वाटणारे कार्य सिद्धीस जाते. पुढे याच श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली कोकण रेल्वे साकारली, हे महाराष्ट्राला सांगावयास नको.

परंतु या प्रसंगाला दुसरी बाजूही आहे. पूल ४६ दिवसांत सावरला. त्याच वादळाने नष्ट केलेला धनुष्कोडीचा साडेनऊ किलोमीटरचा रस्ता मात्र २०१७ साली पुन्हा खुला झाला. मध्ये अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. संकल्प असेल तेथे दिवस मोजले जातात, नसेल तेथे पिढ्या सरतात.

संकटानंतरची तत्परता गौरवास्पद खरी. तथापि संकटापूर्वीची जागरूकता तिच्याहून श्रेष्ठ होय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. हा वेग अभिनंदनीय आहे. पण गेलेली माणसे कोणत्या वेगाने परत येणार?

पुलाचा शत्रू बहुधा डोळ्यांना दिसत नाही. पुराचा लोंढा खांबांच्या पायाजवळची माती खरवडून नेतो आणि पाणी ओसरताना तोच खड्डा गाळाने भरून टाकतो. वरून पाहणाऱ्यास पूल अभंग भासतो. आत मात्र पाया उघडा पडलेला असतो. म्हणून वादळ वा महापूर ओसरल्यावर केवळ वरून दृष्टी टाकून भागत नाही. पाण्याखाली उतरून पाया तपासावा लागतो, पुलाच्या दोन्ही टोकांचे भराव पाहावे लागतात, मोऱ्या मोकळ्या कराव्या लागतात. तोवर वाहतूक रोखून धरण्याचे धैर्य अधिकाऱ्यांनी दाखवावे आणि तो खोळंबा सोसण्याचा संयम समाजाने बाळगावा.

पांबनच्या पुलाने हा धडा गिरवला होता. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरहून अधिक झाला की तेथे गाड्या थांबवल्या जात. २०२५ च्या रामनवमीला त्याच्या शेजारी नवा पूल राष्ट्राला अर्पण झाला.

प्रत्येक गावाला नल लाभेलच असे नाही. परंतु पुलाच्या कठड्याला पडलेली भेग, खांबाभोवती पडलेला भोवरा, तुंबलेली मोरी पाहून वेळीच वर्दी देणारी खार होणे कोणालाही अशक्य नाही. समाज जागा राहिला, तर शासनालाही जागे राहावे लागते. सेतुबंधाच्या कथेचा आजचा अर्थ हाच आहे.