मल्लाचे मोठेपण



साहित्याच्या व्यासपीठावर कुस्ती आणि मुष्टियुद्ध कशाला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण ‘थोर कोणाला म्हणावे’ हा प्रश्न जितका आखाड्याचा तितकाच साहित्याचा आहे. साहित्यात तो वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो. आखाड्यात त्याचा निकाल लागल्यासारखा वाटतो. नुसता वाटतो, कारण कुस्ती कोणी मारली हे पंच सांगतात, थोर कोण हे त्यांना सांगता येत नाही.

मुष्टियुद्धातल्या सर्वांत वरच्या गटाला वजनाची मर्यादा नसते. त्या गटाचा विजेता तो साऱ्यांचा विजेता, अशी समजूत आहे. आकड्यांवर विसंबायचे तर वाद एका वाक्यात मिटतो. अमेरिकेचा रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला, ४९ जिंकला आणि १९५६ मध्ये अजिंक्य म्हणूनच निवृत्त झाला. तरीही थोरवीचा विषय निघाला की जाणकार बहुधा जो लुई आणि मुहम्मद अली ही नावे आधी घेतात. हे दोघेही हरलेले आहेत. मग असे का?

याचे उत्तर आपल्या तालमीतल्या एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘जोड’. कुस्ती लावायची ती जोड पाहून. समोर तोलामोलाचा गडी नसेल तर चितपट होते, टाळ्याही पडतात, पण घरी जाताना त्या कुस्तीबद्दल कोणी बोलत नाही. मल्लाचे मोठेपण त्याला कोणती जोड मिळाली आणि ती त्याने घेतली की टाळली, यावरून मोजावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

टाळलेल्या जोडीचे उदाहरण आधी पाहू. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता. त्या काळात हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मल्ल त्याचा हक्काचा आव्हानवीर होता. ती लढत कधीच झाली नाही. १९१५ मध्ये जॅक जॉन्सनचे पद गेल्यानंतर १९३७ पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला त्या पदासाठी लढू दिले गेले नाही. डेम्प्सीच्या ठोशात जोर नव्हता असे कोणी म्हणणार नाही, पण त्याच्या कारकिर्दीत ती एक जागा कायमची रिकामी राहिली.

ती बंदी मोडून लुई १९३७ मध्ये जगज्जेता झाला. त्याआधी १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत आडवे केले होते. पद हाती आल्यावर लुईने श्मेलिंगला टाळले नाही. १९३८ मध्ये त्याने पुन्हा तीच जोड घेतली आणि पहिल्याच फेरीत निकाल लावला. अलीचेही तसेच. युद्धावर जायला नकार दिल्याने १९६७ मध्ये त्याचे पद गेले आणि उमेदीची तीनेक वर्षे वाया गेली. १९७१ मध्ये जो फ्रेझरने त्याला हरवले. पुढे त्याच फ्रेझरला जॉर्ज फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. त्या फोरमनसमोर ३२ वर्षांचा अली १९७४ मध्ये किन्शासाला उभा राहिला आणि आठव्या फेरीत जिंकला.

आता आपल्या मातीकडे येऊ. आपल्याच मध्य प्रदेशातल्या दतिया संस्थानाने पोसलेला गामा १९१० मध्ये लंडनला गेला. तिथे पोलंडचा झिबिस्को दोन तासांहून अधिक वेळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा तो आलाच नाही. पण १९२८ मध्ये तोच झिबिस्को पतियाळाला गामासमोर उतरला आणि मिनिटाच्या आत चीत झाला. अठरा वर्षांनी समुद्र ओलांडून जोड पुरी करायला येणाऱ्या त्या हरलेल्या मल्लालाही माझा नमस्कार आहे.

कोल्हापूरच्या मातीत घडलेले गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले. देशात मान होता, तिथेच थांबता आले असते. पण १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ते ग्रीको-रोमन प्रकारातही उतरले. त्या प्रकारात कंबरेखाली पकड चालत नाही, पायाला हात लावता येत नाही. पट काढण्यात आयुष्य गेलेल्या गड्याने अशा नियमांत वजनदार गटाचे सुवर्णपदक जिंकले. पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद होऊन त्यांनी दादू चौगुल्यांसारखे मल्ल घडवले. आपल्या जामसावळीचा मारुती पहुडलेला आहे, म्हणून त्याला बळहीन कोणी म्हणत नाही. आखाड्यातून उतरलेल्या मल्लाचे बळही असेच दुसऱ्यांच्या अंगात उभे राहते.

मात्र जोड आपल्या पायांनी चालत दारात येत नाही. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला प्रथमच मॅटवर खेळले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनाचा गट अवघा ५७ किलोचा होता. ते पदक खाशाबांचे तसेच त्या गहाण पडलेल्या घराचेही आहे.

हे सौंसरला का सांगायचे? १९५६ मध्ये नागपूर एका राज्यात गेले, आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा दुसऱ्यात राहिला. घरात, देवळात, लग्नपत्रिकेत आपण मराठी टिकवली, हे खरेच आहे. पण आपण एकमेकांच्या कविता ऐकतो, एकमेकांची पाठ थोपटतो आणि सभा संपते. ही बिनजोड कुस्ती झाली. लिहिणाऱ्या मुलामुलींना नागपूर-पुण्याच्या तोडीच्या लेखनासमोर उभे करा. हरतील, सहावे येतील, येऊ द्या. प्रवासखर्चाचा भार मात्र घरातल्या मोठ्यांनी उचलायचा आहे.